वाचक विचारतात : विजेच्या स्कूटरवरून देवगिरी, वेरूळ आणि तेर

मागील अंकात छत्रपती संभाजीनगर परिसरातील जुन्या वास्तू विजेच्या स्कूटरवरून, सोबत मार्गदर्शक घेऊन पाहण्याच्या नव्या पद्धतीविषयी आम्ही एक लहानशी नोंद दिली होती. तिच्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. इतर बरेचसे प्रश्न भाड्याच्या दरांविषयी होते; ते दर हंगामागणिक बदलतात, म्हणून त्यांची चर्चा येथे केलेली नाही.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही सेवानिवृत्त शिक्षक असून साठी ओलांडलेली आहे. दिवाळीत मुलगी आणि जावई येणार आहेत. दोन विजेच्या स्कूटर भाड्याने घेऊन, गाइडसह दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ एका दिवसात पाहण्याचा बेत त्यांनी आखला आहे. घाटात बॅटरी संपली तर काय करायचे, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही. शेजारी सांगतात की, चढावर बॅटरी निम्मी होते. यात तथ्य किती? (एक वाचक, लातूर)

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे घाटाच्या बाबतीत अतिशयोक्तीचे आहे, आपली धास्ती मात्र अगदीच निराधार नाही. हिशेब करून पाहू. शहरापासून दौलताबाद सुमारे १५ किलोमीटर, तेथून घाट चढून खुलताबाद सुमारे १० आणि पुढे खाली उतरून वेरूळ आणखी चार-पाच किलोमीटर आहे. परतीचा प्रवास आणि इकडचे-तिकडचे फेरे धरले तर दिवसभरात ६५ ते ७० किलोमीटर होतात. बाजारातील बहुतेक स्कूटरच्या बॅटरीत दोन ते तीन किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत दोन ते तीन युनिट वीज मावते. दोन माणसे बसलेली स्कूटर बेताच्या वेगाने चालवली तर एका युनिटमध्ये ती साधारण ३०-३५ किलोमीटर जाते. म्हणजेच दोन युनिटच्या बॅटरीवर हा बेत दुपारी चार्जिंग केल्याशिवाय पार पडणार नाही, तीन युनिटच्या बॅटरीवर पडेल. भाड्याने देणाऱ्याला "एका चार्जमध्ये किती जाते?" असे विचारू नये, कारण तो कंपनीच्या पत्रकातील आकडा सांगतो आणि तो आकडा चाचणीच्या ठरीव परिस्थितीतला असतो. "बॅटरी किती युनिटची आहे?" असे विचारावे.

आता घाटाविषयी. स्कूटर आणि दोन माणसे मिळून २५० किलो वजन धरले, तर ते १०० मीटर उंच नेण्यासाठी जेमतेम ०.०७ युनिट वीज लागते आणि मोटारीतील व चाकांतील घट धरूनही ती ०.१ युनिटच्या पुढे जात नाही. सपाट रस्त्यावरील सुमारे तीन किलोमीटरांइतकाच हा खर्च आहे. घाटाने २०० मीटरचा चढ घेतला असे मानले तरी सहा-सात किलोमीटरांचे नुकसान होते, निम्म्या बॅटरीचे नाही. बॅटरी खरी खातो तो वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सव्वादोन पट होतो. रिकामा रुंद रस्ता दिसला की मूठ आपोआप पिळली जाते, आणि संध्याकाळी त्याची किंमत मोजावी लागते.

ती किंमत प्रस्तुत लेखकाने मोजलेली आहे. सकाळी निघताना पडद्यावर ८४ किलोमीटर दिसत होते आणि वाहन देणाऱ्याने "निर्धास्त जा" म्हटले होते. वेरूळहून परतताना बॅटरी ११ टक्क्यांवर आली आणि गाडीने आपल्या आपण मंद गतीचा अवलंब केला. शेजारून उसाचे ट्रॅक्टर पुढे निघून जात असताना आम्ही डाव्या कडेने बैलगाडीच्या चालीने चाललो होतो. एका चहाच्या टपरीवाल्याने आपुलकीने प्लग मोकळा करून दिला, तेव्हा लक्षात आले की चार्जर गाडीत ठेवलेलाच नाही. म्हणून डिकी उघडून चार्जर पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नये, आणि खुलताबादला जेवणासाठी तासभर थांबाल तेव्हा हॉटेलवाल्याला विचारून, विजेचे पैसे देऊन गाडी चार्जिंगला लावून ठेवावी.

आपल्या वयाच्या दृष्टीने एक सुचवावेसे वाटते. दौलताबादच्या पुढे रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीच्या दरवाजातून जातो, तेथे तो अरुंद होतो आणि सुटीच्या दिवशी वाहने अडकून पडतात; श्रावणातील शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्या भाविकांची त्यात भर पडते. अशा गर्दीत जड स्कूटर पायांवर तोलून धरणे गुडघ्यांना मानवत नाही. मुलगी आणि जावई यांनी स्कूटर घ्याव्यात, आपण दोघांनी रिक्षा करावी आणि गाइड आपल्या रिक्षात बसवावा, हा मध्यम मार्ग आम्हांला अधिक सोयीचा वाटतो. शिवाय किल्ल्याच्या अगदी माथ्यापर्यंत जाण्याचा अट्टहास धरू नये. चांद मिनार, भारतमाता मंदिर, चिनी महाल आणि खंदकापर्यंतचा भाग एवढे सावकाश पाहण्यात सकाळ सहज जाते.

आणि क्रम बदलू नये. वेरूळच्या लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत. सकाळी ती सावलीत असतात आणि दुपार कलली की प्रकाश आत शिरू लागतो, म्हणून दौलताबाद सकाळी आणि वेरूळ दुपारी हेच योग्य. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : गाइड पुढच्या स्कूटरवर आणि आम्ही मागे, तर तो बोलणार कधी? हेल्मेटमध्ये यंत्र बसवून चालता चालता माहिती ऐकवतात असेही कळले. शिवाय गाइड खरा जाणकार आहे की ऐनवेळी ओळखीचा कोणी उभा केला आहे, हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे? (एक प्राध्यापिका, परभणी)

उत्तर : स्कूटर चालू असताना गाइडने बोलूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कानात इतिहास आणि समोर घाटाचे वळण, अशा स्थितीत दोन्हींपैकी एकाकडे दुर्लक्ष होते आणि ते वळणाकडे झाले तर परवडणारे नसते. चांगल्या गाइडची परीक्षा तो कोठे थांबतो यावरून होते. ज्याची सहल केवळ तिकीटखिडक्यांपाशी थांबते, त्याला स्कूटरचा उपयोग कळलेला नाही. मोठ्या बसला जेथे थांबता येत नाही तेथे दहा मिनिटे उभे राहता येणे, हाच या वाहनाचा खरा फायदा आहे.

दौलताबादचेच उदाहरण घ्यावे. अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट या एकामागून एक येणाऱ्या तटबंद्या पायी आत शिरणाऱ्याला सुट्या सुट्या भिंतींसारख्या दिसतात; त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध दुरून, थोड्या उंचीवरूनच उलगडतो. जाणता गाइड घाटात रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा पाहून स्कूटर उभ्या करतो आणि डोंगर दाखवतो. त्या डोंगराचा खालचा भाग चोहोबाजूंनी उभा तासलेला आहे, जणू कोणी पाटावर ठेवलेल्या लाडवाचा तळ सुरीने सरळ कापून घ्यावा. खंदकाजवळ गेल्यावर त्याच कड्यावर हात ठेवला की छिन्नीचे तिरपे चरे बोटांना लागतात. दुरून पाहिलेला आकार आणि हाताला लागलेला चरा या दोन गोष्टी ज्याने जोडून दाखवल्या, त्याला मानधन द्यावे असे वाटते.

पुढे अंधारी लागते. खंदक ओलांडून वर जाण्याचा हा जुना मार्ग, खडकातून कोरलेला, वळणावळणाचा आणि वटवाघळांच्या उग्र वासाने भरलेला आहे. येथे काही गाइड विजेरी विझवून पर्यटकांना घाबरवतात. गंमत म्हणून ते ठीक आहे, परंतु त्या अंधारात थांबून हा मार्ग शत्रूला कसा गोंधळात पाडत असे, हे पावलापावलाने समजावणारा गाइड त्याहून मोलाचा. चौदाव्या शतकात येथे आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने या किल्ल्याच्या तळघरातील उंदीर मांजरांपेक्षा मोठे असल्याचे लिहून ठेवले आहे. ही हकिकत ज्याला ठाऊक आहे त्याने थोडेफार वाचन केलेले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

खरा गाइड ओळखण्याची औपचारिक खूण म्हणजे ओळखपत्र. केंद्र शासनाच्या पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेल्या गाइडकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र असते आणि ते मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. तथापि ओळखपत्राने ज्ञानाची हमी मिळत नाही. त्यासाठी आम्ही एक साधा प्रश्न सुचवतो : "हे आपल्याला कशावरून कळले?" कैलास लेण्यासमोर हा प्रश्न विचारून पाहावा. राणीने शिखर पाहिल्याशिवाय अन्नग्रहण न करण्याचा नवस केला, इतर कारागीर हतबल झाले आणि पैठणच्या कोकसा नावाच्या कारागिराने वरून खाली कोरत येऊन आधी शिखरच घडवले, ही कथा बहुतेक गाइड रंगवून सांगतात. कथा सुरेखच आहे, आणि लेणे वरून खाली कोरले गेले या वस्तुस्थितीची आठवण तिने जपलेली आहे. परंतु कथा म्हणून ती सांगून झाल्यावर, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने एलापूर, म्हणजे वेरूळ, येथे अद्भुत शिवमंदिर उभारल्याचा उल्लेख कर्क राजाच्या बडोदे येथे मिळालेल्या, नवव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात आहे, आणि शेजारच्या १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात कृष्णाच्या आधीचा राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे, एवढे जो पुढे सांगतो तो आपला माणूस. जो म्हणतो की हे माणसाचे कामच नव्हे, परग्रहावरून आलेल्यांनी ते केले, त्याला नमस्कार करून पुढे जावे.

व्यवहार ठरवताना स्कूटरचे भाडे, गाइडचे मानधन आणि प्रवेशतिकिटे या तिन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. एका गाइडमागे चार-पाच स्कूटरपेक्षा अधिक असू नयेत. त्याहून मोठा तांडा रस्त्यात विस्कटतो आणि शेवटची जोडी पोहोचेपर्यंत निम्मे सांगून झालेले असते.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. परवाना न लागणारी विजेची स्कूटर मिळते, मग तो ती या सहलीत चालवू शकेल का? (एक पालक, जालना)

उत्तर : ज्या वाहनाची मोटार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ते नियमांनुसार मोटार वाहन गणले जात नाही व त्यास परवाना लागत नाही, हे बरोबर आहे. परंतु एवढ्या शक्तीवर साधारण पाच टक्के चढणीचा रस्ता ताशी सात-आठ किलोमीटर वेगानेच चढता येतो आणि मागून ट्रक व बस येत असतात. शहरातील पाणचक्की, बीबी का मकबरा आणि दरवाजे यांच्या फेरीसाठी असे वाहन एकवेळ चालेल, घाटासाठी मुळीच नाही. नोंदणी असलेली वेगवान स्कूटर मात्र त्याच्या हाती देऊ नये. अल्पवयीनाने असे वाहन चालवल्यास, २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यानुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाला मागे बसवावे, आणि हेल्मेट दोघांनीही घालावे.

याच अनुषंगाने पाटीकडेही लक्ष द्यावे. विजेच्या वाहनाच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतील तर ते खासगी वाहन आहे आणि पिवळी असतील तर व्यावसायिक. खासगी वाहन भाड्याने घेतले असता अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

प्रश्न : लेण्यांच्या दारापर्यंत स्कूटर नेता येते का? अजिंठ्यालाही असेच जाता येईल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही, आणि ते योग्यच आहे. वेरूळला वाहनतळावर स्कूटर लावून पुढे पायीच जावे लागते. एकूण ३४ लेण्यांची रांग सुमारे दोन किलोमीटर पसरलेली असून, उत्तरेच्या टोकाची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी बाजूला पडतात. तेथे आवारातील बसने जावे. उन्हात चालून दमल्यामुळे पुष्कळ जण ती सोडून देतात आणि ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेला मुकतात. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर असल्यामुळे भाड्याच्या स्कूटरचा विषयच संपतो. तेथे खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवतात आणि शेवटचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात.

प्रश्न : आम्ही धाराशिव जिल्ह्यातील तीन मित्र आहोत. दोघांकडे विजेच्या स्कूटर आहेत आणि तिसऱ्याने इतिहासात एम. ए. केले आहे. तेरला अशा सहली सुरू कराव्यात असा विचार आहे, पण "तेथे पाहण्यासारखे उरलेच काय?" असे सगळे हसून विचारतात. आपले मत द्यावे. (एक तरुण वाचक)

उत्तर : या अंकासाठी आलेल्या पत्रांत आम्हांला सर्वाधिक आवडलेले पत्र आपले आहे. हसणाऱ्यांचे चुकते ते एवढेच की, त्यांना भग्नावशेष म्हटले की उभी भिंत हवी असते. तेरचे वैभव बव्हंशी जमिनीखाली आणि संग्रहालयाच्या कपाटांत आहे, आणि म्हणूनच तेथे गाइडवाचून काही कळत नाही. वेरूळला गाइड नसला तरी माणूस स्तिमित होतो; तेरला गाइड नसेल तर तो पंधरा मिनिटांत चहा पिऊन परत निघतो. तेव्हा आपली खरी भांडवली वस्तू स्कूटर नसून तिसरा मित्र आहे.

पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या सागरप्रवासाच्या पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे आणि तेथून कापड भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे लिहिले आहे. ते तगर म्हणजे आपले तेर. गावाभोवतीची पांढरीची टेकाडे ही त्या नगराची राख, माती आणि खापरे आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीने हीच पांढरी माती गाडीगाडीने शेतात नेऊन खत म्हणून टाकली. ती नेताना निघालेले मणी, नाणी आणि मृण्मूर्ती गावातील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातूनच गावातील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. ही हकिकत आपण टेकाडावर उभे राहून सांगितलीत, तर ऐकणारा पायाखालची माती वाकून पाहील.

संग्रहालयात केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्तींसमोर आणि हस्तिदंती स्त्रीमूर्तीसमोर घाई करू नये. हिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती इटलीत पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडली. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे तेथील मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोहोचली होती. तेरणेच्या काठचे गाव आणि व्हेसुव्हियसच्या पायथ्याचे शहर यांच्यातील हा धागा मुलांना चटकन समजतो, असा आमचा अनुभव आहे. संग्रहालय उघडे आहे की नाही, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

मार्गाविषयी बोलायचे तर गावातल्या गावात स्कूटरची गरज नाही. त्रिविक्रम मंदिर, उत्तरेश्वर आणि संत गोरोबाकाकांचे मंदिर ही ठिकाणे पायी होतात. स्कूटर उपयोगी पडेल ती धाराशिव शहरातून निघताना. सकाळी शहराजवळची बालाघाटातील धाराशिव लेणी, मग तेर आणि दुपारी परत, असा बेत तीन युनिटच्या बॅटरीत आरामात बसतो. मार्च ते मे या काळात मात्र सहली बंद ठेवाव्यात. उन्हात उभ्या राहिलेल्या बॅटरीला आणि पाहुण्यांना दोघांनाही त्रास होतो. पहिल्या पावसानंतर टेकाडांवर मणी आणि खापरे धुऊन वर येतात. पाहुण्यांना ती खिशात घालू देऊ नयेत. वस्तू जागच्या जागी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि संग्रहालयात कळवावे, हा नियम निघण्यापूर्वीच सांगून टाकावा, म्हणजे नंतर कोणाला टोकण्याची वेळ येत नाही.

एक शेवटची सूचना. त्रिविक्रम मंदिराला सगळे समोरून जातात आणि सपाट छताचा साधा मंडप पाहून त्यांची निराशा होते. आपण पाहुण्यांना आधी मागच्या बाजूला न्यावे. तेथे विटांची ती भिंत हत्तीच्या पाठीसारखी गोल वळते, वरचे छतही तिच्याबरोबर वळते, आणि ज्याने वेरूळचे १० क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे आतून पाहिले आहे त्याला दगडात कोरलेला तोच आकार येथे विटांत बांधलेला, बाहेरून, हाताच्या अंतरावर दिसतो. तेथे पाच मिनिटे काही न सांगता थांबावे. प्रश्न पाहुणेच विचारतील.